बाजार चालू, दूध बंद

वाघुलीच्या रतनबाईची भेळ ज्याने खाल्ली नाही असा माणूस त्या पंचक्रोशीत सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याचे दात पडलेले असणार. मुरमुरे, शेव, फुटाणे, बारीक चिरलेला कांदा आणि वरून हिरव्या मिरचीचा खर्डा. बस, एवढंच. बाई बारकीशी, काळीसावळी, साठीला टेकलेली. आवाज मात्र असा, की बाजाराच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचा बैल कान टवकारायचा. नवरा गेला त्याला पंधरा वर्षं झाली. त्याची भेळेची पाटी तेरावं उरकल्यावर हिने डोक्यावर घेतली, ती घेतलीच. त्या पाटीवर एकुलती एक लेक वाढवली, अश्विनी. तिला बारावीपर्यंत शिकवली आणि दोन किलोमीटरवरच्या बोरटेकला दिली. व्याही सूर्यभान म्हणजे बोरटेकचा दूधवाला, आसपासच्या गावांचं दूध गोळा करून थंड करणारी डेअरी त्याची. जावई सुनील त्याचा धाकटा पोरगा, गरीब स्वभावाचा. लेक सुखात पडली म्हणून रतनबाई येताजाता देवाला हात जोडायची.

रतनबाई दुसरीपर्यंत शिकलेली. पण जगाची खबर तिला तालुक्याच्या पुढाऱ्यापेक्षा जास्त, आणि त्याचं कारण तिच्या पुड्या. पुड्यांसाठी ती शेवगावहून किलोवर रद्दी आणायची. रोज सकाळी ओट्यावर पुड्या वळायला बसली की सत्यवान सर यायचे. सर गावातल्या ख्रिस्ती वाडीतले. तीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलं पुण्याला. शिकवायची खोड काही सुटेना आणि ऐकणारं घरात कोणी नाही. मग ते रद्दीतलं एकेक पान मोठ्याने वाचायचे, आणि वाचून झालेलंच पान रतनबाई फाडायची. आधी बातमी, मग पुडी, असा नेम. बातमी पंधरा दिवसांची शिळी असायची, पण बाईचं काही अडत नव्हतं.

त्या रद्दीत एक शब्द सारखा यायचा. अमक्या देशाने तमक्या देशावर आर्थिक निर्बंध लादले. एक दिवस रतनबाईने पान फाडता फाडता विचारलं, "सर, ही काय भानगड हाय हो? रोज कोन ना कोन लादतंयच."

"सोपं आहे," सर खुलले. "एकाला दुसऱ्याचं वागणं पटत नाही. लढाई परवडत नाही. मग तो म्हणतो, तुझा माल घेणार नाही आणि माझा तुला देणार नाही. बस उपाशी."

"मग त्यो वठणीवर येतो का?"

"कधी येतो. बरेचदा नाही येत."

"आन राजा उपाशी ऱ्हातो का त्यांचा?"

"राजाच्या ताटातलं काही कमी होत नाही, रतनबाई. गरिबाचं औषध महाग होतं. आणि चोरवाटेने माल आणणारे गब्बर होतात."

"आगं बया! मग कशापायी करत्यात?"

"आपण काहीतरी केलं, असं आपल्या माणसांना दाखवावं लागतं ना."

"मंजी आमच्या ग्रामपंचायतीवानीच की," असं म्हणून रतनबाई इतकी हसली, की पुडीची गुंडाळी सुटली. तेव्हा तिला काय माहीत, की हे सगळं दोन वर्षांत तिच्याच दारात येऊन उभं राहणार आहे.

ओढा एकच. वरच्या अंगाला बोरटेक, खालच्या अंगाला वाघुली. बोरटेकला गुरुवारचा बाजार, मेडिकल, डेअरी, सगळं. वाघुलीला सातवीपर्यंतची शाळा, खंडोबाचं देऊळ, एक छोटं चर्च आणि ओढ्याकाठची सरकारी विहीर. त्या विहिरीवर सगळं गाव पाणी पितं. ओढ्याला पाणी असलं तर विहिरीला पाणी, नाहीतर खडखडाट. आणि वर बोरटेकच्या हद्दीत बंधारा. बंधाऱ्याच्या गाळ्यांत लोखंडी फळ्या टाकून पाणी अडवतात, त्यांना ढापे म्हणतात. ढापे टाकायचे ते पावसाळा सरल्यावर, हा आजवरचा रिवाज. पण दोन हजार तेवीस साली पावसाने डोळे वटारले. जुलैत एकदाच ओढा वाहिला. बोरटेककरांनी काय करावं? रातोरात सगळेच्या सगळे ढापे टाकून मोकळे! वरती तळं भरलं, खाली वाघुलीच्या विहिरीत बादली दगडावर आपटायला लागली. तीन दिवसांआड टँकर सुरू झाला, आणि टँकरच्या पाण्याला औषधाचा असा भपका, की म्हशीसुद्धा तोंड फिरवायच्या.

गाव पेटलं. देवळापुढे सभा भरली. सरपंच पुंजाराम तावातावाने उठला. बोरटेकचे सगळे ढापे निघाले पाहिजेत, त्यांच्या सरपंचाने आपल्या खंडोबापुढे नाक घासून माफी मागितली पाहिजे, आणि बंधारा इथून पुढे आपल्या ताब्यात पाहिजे! टाळ्याच टाळ्या. तोवर त्यांच्या बाजारात पाऊल टाकायचं नाही, त्यांच्या दुकानाची पायरी चढायची नाही. पुन्हा टाळ्या. कोणीतरी मागून ओरडलं, "पाव्हनचार बी बंद!" टाळ्यांना तर ऊतच आला. ग्रामसेवक म्हणाला, "असलं काही मी रजिस्टरला लिहिणार नाही. बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, तुम्ही आत जाल आणि माझी नोकरी जाईल." असं म्हणून त्याने मोटारसायकलला किक मारली. मग लिहायचं नाही तर शपथ घ्यायची, असं ठरलं आणि सगळ्यांनी खंडोबाचा बेलभंडार उचलला.

एकाने तेवढ्यात विचारलं, "आन दुधाचं?"

"दूध नाशवंत माल हाय. त्याचं पुढं बघू," पुंजाराम म्हणाला. त्याच्या गोठ्यात नऊ गाई होत्या. समोर बसलेल्यांपैकी ज्यांच्या ज्यांच्या दावणीला गाय होती, त्या सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे बघा, भाजी बंद, किराणा बंद, पाहुणे बंद. आणि ज्याच्यात गावातल्या शहाण्यांचा हात भिजतो तेवढं चालू.

आणखी एक गंमत. भंडारा कपाळाला लावताना एकाही पुरुषाच्या डोक्यात आलं नाही, की हा अधिक महिना आहे. धोंड्याचा महिना! तीन वर्षांनी एकदा येतो, आणि त्यात जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. वाघुलीच्या चाळीस लेकी बोरटेकला दिलेल्या. चाळीस जावई! मागे बसलेल्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या, पण तोवर शपथ होऊन गेली होती.

रतनबाईनेही भंडारा उचलला. पण तिच्या मनात दोन गोष्टी होत्या, आणि त्या तिने कोणाला सांगितल्या नाहीत. अश्विनीचा लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. पहिल्या धोंड्याला जावई बोलावला नाही, तर लेकीला सासरी जन्मभर ऐकावं लागतं. हे एक झालं. दुसरं त्याहून अवघड होतं. बंधाऱ्याच्या पाणी कमिटीचा मुख्य होता सूर्यभान, तिचा व्याही. ढापे काढायची अवजारं ज्या खोलीत असतात तिची किल्ली त्याच्या डेअरीतल्या खिळ्याला टांगलेली, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. आणि सूर्यभानच्या डेअरीतलं निम्मं दूध वाघुलीचं. बाजार बंद करून सूर्यभानचं एक केसही वाकडं होणार नव्हतं. दूध बंद झालं तर दोन दिवसांत त्याला घाम फुटला असता. हे सगळं सभेत बसल्या जागी तिला लख्ख दिसलं, आणि ती गप्प बसली. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण लेकीचं घर आठवलं आणि जागची उठली नाही.

मग जो काय तमाशा झाला, तो सांगायला दिवस पुरायचा नाही. पहिला गुरुवार कडक पाळला. दुसऱ्या गुरुवारी बोरटेकच्या व्यापाऱ्यांनी ओढ्याच्या हद्दीवर टेम्पो आणून उभे केले. म्हणजे बाजारात पाऊल टाकायला नको, बाजारच हद्दीवर! किलोमागे पाच रुपये जास्त, आणि वाघुलीची माणसं मुकाट्याने द्यायची. ज्यांना पाच रुपये जड जात, ते हेल्मेट घालून बोरटेकला जात. ज्या गावात आजवर पोलिसाच्या धाकानेही कोणी हेल्मेट घातलं नव्हतं, तिथे दर गुरुवारी हेल्मेटच हेल्मेट. आणि धोंड्याचं तर विचारूच नका. शेवगावचं एक मंगल कार्यालय गुपचूप धरलं, आणि अकरा जावयांची एकच पंगत तिथे उठवली. वाघुलीत नाही आणि बोरटेकमध्ये नाही, तिसऱ्याच गावात! त्या पंगतीत पुंजारामचाही जावई होता, आणि वाढायला पुंजाराम स्वतः. सत्यवान सरांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "मोठे देशही अगदी अस्संच करतात हो. तिसऱ्या बंदरातून माल फिरवतात."

शपथ पाळली ती एकट्या रतनबाईने. बोरटेकचा गुरुवार म्हणजे तिच्या आठवड्याच्या कमाईचा कणा. तो मोडला तरी ती घरात बसून राहिली. शेवगावच्या पंगतीचं बोलावणं तिलाही आलं होतं. "आक्का, तुमच्या सुनीलरावांना बी बोलवा, कोनाला पत्ता लागायचा न्हाई," असा निरोप. तिने निरोप आणणारीला चहा पाजला आणि परत पाठवलं. मग अश्विनीचा फोन आला.

"आई, जाऊबाईंच्या माहेरचं बोलावनं आलं. तुझं कवा?"

"पानी आलं की."

पलीकडून फोन बंद झाला, आणि पुन्हा काही आला नाही. रतनबाई पदराने मोबाईल पुसायची, वाजतोय का बघायची, पुन्हा पुसायची.

तीन आठवडे गेले. ढापा एकही हलला नाही. हलणार कसा? एक दिवस ती टँकरच्या रांगेतून हंडा घेऊन येत होती, तर हद्दीवर बोरटेकची छबूबाई दिसली. छबूबाई म्हणजे बाजारात रतनबाईच्या शेजारी बसणारी. विधवा म्हातारी, कोथिंबीर-मेथीच्या जुड्या विकून पोट भरणारी. टेम्पोवाल्यांनी तिला टेम्पोत जागा दिली नव्हती, म्हणून पाटी घेऊन चालत आली होती. जुड्या उन्हाने माना टाकून पडलेल्या.

"रतने," छबूबाई म्हणाली, "माझी कोथिंबीर काय ढापे धरून बसली व्हय गं?"

रतनबाईने हंड्यातलं थोडं पाणी त्या जुड्यांवर शिंपडलं आणि तडक सत्यवान सरांचं घर गाठलं. "सर, मला पयल्या दिवसापासून ठावं हाय, नाक कुठं दाबायचं ते. मी बोलले न्हाई." आणि तिने सगळं सांगून टाकलं. किल्ली, खिळा, दूध, लेक.

सर म्हणाले, "बोललात तर अश्विनीला त्या घरात फार सोसावं लागेल. मी तुम्हाला बोला म्हणणार नाही."

"तुमी म्हनू नका. एवढंच सांगा, ती मोठ्या देशांची बंदी लागू पडती, ती कवा पडती?"

"मागणं लहान असेल तेव्हा. आणि ज्याच्या हातात किल्ली त्यालाच चिमटा बसला पाहिजे, छबूबाईला नाही. आणखी एक. त्याला खात्री पाहिजे, की आपण ऐकलं तर हे खरंच थांबतील. ती नसेल तर तो म्हणतो, कसंही मारणारच आहेत, मग वाकू कशाला?"

दुसऱ्या दिवशी रतनबाईने सभा बोलवायला लावली. बाई सभा बोलवते म्हणून निम्मे लोक मजा बघायला आले होते. ती उभी राहिली आणि पहिल्यांदा एकेकाच्या तोंडाकडे बघून घेतलं. बरेच जण खाली बघायला लागले, कारण त्या गावात भंडाऱ्याला जागलेलं माणूस एकच होतं आणि ते समोर उभं होतं.

"बाजार चालू करा," ती म्हणाली. "भाजीवालीनं आपलं काय घोडं मारलंय? पाव्हनचार चालू करा. जावयांनी काय केलंय? माफी नको आपल्याला. नाक घासलेलं बी नको, त्याच्यानं हीर भरत न्हाई. दोन ढापे मागा. दोनच."

"दोनच का?" पुंजाराम.

"दोन काढले तर आपल्या हिरीला पुरतं आन त्यांचं तळं बी ऱ्हातं. त्यास्नी बी पोरंबाळं हायेत. आन बंद करायचं तर एकच करा. दूध."

पुंजाराम उठला. "आक्का, डेअरी तुज्या इवायाची हाय. तुजी लेक हाय त्या घरात."

"माजी लेक कुठं हाय ते मला ठावं हाय, पुंजाराम. तू तुज्या गाईंचं बोल."

यावर काय बोलणार? ज्या बाईचं सगळ्यात जास्त जाणार तीच मागतेय म्हटल्यावर नऊ गाईंची काय कथा! सरांनी तिथेच दोन ओळींचं पत्र लिहिलं. दोन ढापे काढा. ज्या सकाळी काढाल त्याच संध्याकाळी दूध येईल. तिसरी ओळ नाही. रतनबाईने पुन्हा भंडारा उचलू दिला नाही. "देवाला कितींदा फशिवता?" म्हणाली. पत्र बोरटेकला गेलं. सूर्यभानने वाचलं, हसला आणि खिशात घातलं.

पुरुषांनी सभेत होकाराचे हात वर केले तरी रतनबाईचा त्या हातांवर भरवसा नव्हता. ती घरोघर फिरली आणि बायकांशी बोलली, कारण धार बायका काढतात आणि टँकरच्या रांगेतही बायकाच उभ्या राहतात. दूध ओतून द्यायचं, असं काही पोरांच्या मनात होतं. तिने त्यांना झाडलं. "दूध वतलं की टीव्हीवाले येत्यात, पानी येत न्हाई!" सरांनी शेवगावच्या एका डेअरीची पिकअप ठरवली, लिटरमागे दोन रुपये कमी, पण दूध वाया जाणार नव्हतं.

आणि मग रोज सकाळी आणि संध्याकाळी, सूर्यभानचा टेम्पो जिथे थांबायचा त्या पारावर रतनबाई जाऊन बसली. घोषणा नाही, अडवाअडवी नाही. नुसती बसली. टेम्पो यायचा, भोंगा वाजवायचा, रिकामा जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाराम कॅन घेऊन हळूच कडेकडेने येताना दिसला.

"रामराम, पुंजाराम," रतनबाई म्हणाली.

"रामराम, आक्का," पुंजाराम म्हणाला, आणि आल्या पावली मागे फिरला.

तिसऱ्या दिवशी बोरटेकची गणितं फिरली. टाकी निम्मी भरत नाही म्हणून मोठ्या दूध संघाचा टँकर यायचा थांबला. टँकर थांबल्यावर बोरटेकच्या स्वतःच्याच शेतकऱ्यांचं दूध नासायला लागलं. तीन आठवडे जे बोरटेककर वाघुलीच्या बहिष्काराला हसत होते, ते सूर्यभानच्या ओट्यावर येऊन विचारायला लागले, की बाबा, दोनच ढापे मागतात ना ते? मग तुझं काय अडलंय? इकडे रतनबाईच्या डोळ्याला डोळा नव्हता. लेकीच्या घरात आत्ता काय चाललं असेल, सासू काय बोलत असेल, भाकरी तरी नीट गिळत असेल का पोरगी. अधिक महिन्याची अमावस्या आली आणि गेली. पहिला धोंडा हुकला तो हुकलाच. त्या दिवशी ती पारावरून उठून खंडोबाच्या देवळामागे गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली. मग तोंड धुवायला पाणी नाही म्हणून तशीच येऊन बसली.

अधिक सरला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोन ढापे निघाले.

पाणी आलं ते आधी काटक्या, पालापाचोळा आणि फेस घेऊन आलं. पोरं ओढ्यातून त्याच्यापुढे पळत होती. दुपारपर्यंत विहिरीच्या झऱ्याला पाझर लागला. गावाने नुसता कल्ला केला. आणि त्या कल्ल्यात चार शहाण्यांना कंठ फुटला. आता गडी वाकलाय, अजून दोन दिवस दाबून धरू, सगळेच ढापे काढून घेऊ! पुंजारामही त्यांच्यात.

त्या दिवशी रतनबाईचा खरा अवतार गावाने पाहिला. "लाजा वाटत न्हाईत? लेखी शबुद दिलाय! आज दूध गेलं न्हाई तर पुढच्या साली तुमच्या पत्राला कुत्रं तरी इचारील का? काढा कॅन!" आणि ती स्वतः पुंजारामच्या गोठ्यात गेली, कॅन उचलला आणि पारावर आणून ठेवला. संध्याकाळी सूर्यभानचा टेम्पो काठोकाठ भरून गेला. सत्यवान सर पारावर उभे होते. ते म्हणाले, "तीस वर्षं शिकवलं, पण बंदी लादणाऱ्याला ती उठवताना एवढ्या जोराने भांडताना पहिल्यांदाच पाहिलं."

पुढच्या गुरुवारी रतनबाई पाटी घेऊन बोरटेकच्या बाजारात गेली. छबूबाईने जागा धरून ठेवली होती. भेळेला ही गर्दी! दुपारच्या सुमाराला सूर्यभान आला. माणसं बाजूला झाली, आता काय होतंय म्हणून बघायला लागली. त्याने एक पुडी घेतली, उभ्याउभ्या खाल्ली, घाम पुसला.

"इहीनबाई," तो म्हणाला, "बाजार बंद केला तवा मी हसलो. दूध बंद केलं तवा लई चिडलो. माफी मागायला लावली असती ना, तर डेअरीला कुलूप ठोकलं असतं, पन ढापे काढले नसते. तुमी दोन म्हनला आन दोनावर ऱ्हायला, म्हनून काढता आलं मला." आणि पैसे ठेवून निघून गेला. त्याच्या बोलण्यात गोडवा नव्हता, पण खोटंही काही नव्हतं.

तो गेला आणि गर्दीतून अश्विनी आली. हातात बाजाराची पिशवी, चेहरा उतरलेला. महिन्याने दिसली होती. रतनबाईचे हात थांबले. गिऱ्हाईक पुडी मागत होतं, तिला ऐकू येत नव्हतं.

"लई ऐकावं लागलं का गं तुला?"

"लागलं," अश्विनी म्हणाली. "धोंड्याचं बी ऐकलं आन दुधाचं बी ऐकलं. सासूबाई चार दिस बोलल्या न्हाईत माझ्याशी. त्याचं काय न्हाई एवढं."

"मग?"

"किल्ली आमच्या डेअरीत हाय, हे तुला कवापासून ठावं हुतं?"

रतनबाईने खाली बघितलं. "पयल्या दिवसापासून."

"आन दुधाचं?"

"ते बी."

"मग तीन आठवडे का गप बसलीस?"

"तुला तरास नको म्हनून."

अश्विनीचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "माझ्या नावावर अख्ख्या गावाला तीन आठवडे टँकरचं पानी पाजलंस, आई. मला एक फोन करून इचारायचं तरी. त्याच हिरीचं पानी पिऊन मी मोठी झाले न्हवं? मी सांगितलं असतं, कर बंद म्हनून."

सरपंचापुढे न हटलेली, व्याह्यापुढे मान न झुकवलेली ती बाई. भर बाजारात तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही.

"चुकलं माजं," ती म्हणाली.

"चुकलंच," अश्विनी म्हणाली. मग तिने पिशवी खाली ठेवली, आईच्या शेजारी बसली आणि विळी पुढे ओढून कांदा चिरायला घेतला.